बहुमताने डावीकडे

ज्या कुणी महाभागाने इंटरनेटवर ‘तुलना केल्याशिवाय कुठल्याही अ‍ॅपवर विश्वास ठेवू नका’ असा उपदेश लिहून ठेवलाय, त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायला हवा. त्याने आयुष्यात कधी गाडी चालवली नसणार. निदान मागच्या सीटवर दाढ ठेवून तर नक्कीच नाही. तो लिहून मोकळा झाला आणि भोगलं कुणी? आमच्या जावईबापूंनी.

जावईबापू विमा कंपनीत क्लेम तपासतात. पुरावा दाखवल्याशिवाय ते स्वतःच्या तापावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यांची मेहुणी दातांची डॉक्टर. तिच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं आणि दारावर लावायची फायबरची दाढ, पांढरीशुभ्र, खुर्चीएवढी, तीन मुळांसकट, वेळेवर पोहोचवायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

त्याला कारण होतं. याच मेहुणीच्या लग्नाला ते एका अ‍ॅपच्या भरवशावर निघाले होते आणि पोहोचले तेव्हा हॉलवाले खुर्च्या एकावर एक रचत होते. लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा एकच फोटो आहे, तोही पार्किंगमधला. तेव्हापासून सासरी कुणालाही उशीर झाला की ‘आज अगदीच जावईबापू झालं’ असं म्हणायची पद्धत पडली. हा डाग त्यांना पुसायचा होता.

“अकराला कार्यक्रम आहे,” बायकोने बजावलं होतं. “अकरा म्हणजे अकरा. दाढ दारावर चढल्याशिवाय फीत कापायची नाही असं धाकटीने ठरवलंय.”

“या वेळी चूक होणारच नाही,” जावईबापू म्हणाले आणि डॅशबोर्डवर एकाशेजारी एक तीन फोन बसवले. एक स्वतःचा, एक बायकोचा, एक सासऱ्यांचा. तिन्हींत वेगवेगळी अ‍ॅपं.

“हे काय?”

“लोकशाही. एकाच अ‍ॅपचं ऐकणं म्हणजे हुकूमशाही. माणसं एका कंपनीच्या हातात स्टेअरिंग देतात आणि वर स्वतःला स्वतंत्र म्हणवतात! आता प्रत्येक वळणावर मतदान होईल. दोघं म्हणतील तिकडे गाडी.”

“अहो, मला रस्ता माहीत आहे. गेल्या महिन्याभरात पडदे लावायला चार वेळा जाऊन आलेय.”

“माणसाचा अंदाज प्रयोगात धरत नाहीत. गाडीत कुणी माणसाने बोलायचं नाही.”

“बरं,” बायको म्हणाली आणि पर्समधून शब्दकोडं काढून बसली. (लग्न झालेल्या वाचकांना या ‘बरं’ची खोली सांगायला नको.)

मागे सासरे बसले होते. त्यांच्या शेजारी, सीटबेल्ट लावलेली, दाढ. तिचं एक मूळ खिडकीबाहेर आलं होतं, त्यामुळे ती काच वर होत नव्हती. दुसरं सासऱ्यांच्या मांडीवर होतं. तिसरं दोन सीटांच्या मधून पुढे घुसलं होतं आणि ब्रेक लागला की जावईबापूंच्या कानशिलात बसत होतं.

सासरे शाळेत पी.टी.चे मास्तर होते. सबंध नोकरी त्यांनी मुलांना ‘डावीकडे वळ, उजवीकडे वळ’ करण्यात घालवली. आता तीन परके आवाज त्यांच्यासमोर तेच हुकूम देत होते आणि त्यांना गप्प बसायची शिक्षा होती. सुतळी बॉम्बवर झाकण ठेवल्यासारखे ते बसले होते.

जावईबापूंच्या फोनमध्ये एक गोड बाई होती. बायकोच्या फोनमध्ये एक बुवा, पेट्रोल वाचवायच्या काळजीने खचलेले. सासऱ्यांचं अ‍ॅप फुकट मिळालेलं. त्यातला माणूस ठणठणीत आवाजात शुद्ध मराठी बोलायचा.

“पुढे डावीकडे वळा,” बाई म्हणाली.

“सरळ जा,” बुवा म्हणाले.

“वाम दिशेस वळावे!” तिसरा गरजला.

“वाम म्हणजे?” जावईबापू गोंधळले.

“डावं हो, डावं! वळ!” मागून हुकूम सुटला. जावईबापूंनी दचकून गाडी वळवली. दाढेने कानशिलात दिली.

“बाबा, बोलायचं नाही असं ठरलंय.”

“बोललो नाही. भाषांतर केलं.”

पहिली काही वळणं बहुमताने पार पडली. जावईबापू खुशीत आले. प्रत्येक अ‍ॅपची किती मतं बरोबर निघाली याचा हिशेब त्यांनी मनात सुरू केला. हे निष्कर्ष आपण लिहून काढायचे, लोकांना जागं करायचं, असं काहीबाही डोक्यात घोळत असतानाच मोठा चौक आला. मध्ये गोल बाग, चहूबाजूंनी रस्ते.

“डावीकडे वळा.”

“सरळ जा.”

“दक्षिण हस्ताकडील मार्ग धरावा!”

डावं, सरळ, उजवं. तिघांची तीन मतं. बहुमत कुणालाच नाही. जावईबापूंनी बागेला वळसा घातला आणि पुन्हा मतदान घेतलं. आता गोड बाई सरळ म्हणाली, बुवा उजवीकडे, तिसरा डावीकडे. पुन्हा वळसा.

“अहो, कुणा एकाचं ऐका!”

“तत्त्वाचा प्रश्न आहे!”

ते गोल गोल फिरू लागले. बागेतल्या बाकावरची माणसं खिडकीतून डोकावणाऱ्या मुळाकडे बोट दाखवू लागली. एक लहान मुलगी दर फेरीला टाटा करू लागली. शेवटी चौकातल्या ट्रॅफिक पोलिसाने खच्चून शिटी मारली. शिटी ऐकताच सासरे सीटवर ताठ झाले आणि तीस वर्षांच्या सवयीने ओरडले, “थांब!”

जावईबापू चौकाच्या मधोमध थांबले. दाढेने आपलं काम केलं.

पोलीस खिडकीशी आला. त्याने आधी दाढ पाहिली, मग तीन फोन, मग कान चोळणारा चालक.

“कुठे जायचंय?”

“ते अजून ठरायचंय,” जावईबापू प्रामाणिकपणे म्हणाले.

“अहो साहेब, पाच वेळा गेलात माझ्यासमोरून. मला वाटलं, दाताची जाहिरात चाललीय. निघा इथून, कुठल्याही रस्त्याने निघा!”

नेमक्या त्याच क्षणी गोड बाई आणि बुवा एका सुरात म्हणाले, “डावीकडे वळा.” बहुमत! जावईबापूंचा ऊर भरून आला. त्यांनी डावीकडे गाडी घातली, तीही एका अरुंद बोळात.

बायकोने कोड्यातून मान वर केली. “अहो, हा रस्ता...”

“प्रयोग चाललाय!”

“बरं,” ती म्हणाली. तिने आपला फोन स्टँडवरून काढून पर्समध्ये टाकला आणि शांतपणे आपल्या बाजूची काच वर केली.

बोळात पुढे चार गाड्यांची रांग होती. ट्रॅफिक असेल, असं वाटून जावईबापू रांगेत लागले. मागेही एक गाडी येऊन चिकटली. रांग सरकत सरकत एका शेडपाशी आली, तोवर अकरा केव्हाच वाजून गेले होते. गमबूट घातलेली एक मुलगी पुढे आली.

“साधा वॉश की फोमवाला?”

“आम्हाला फक्त पलीकडे जायचंय.”

“पलीकडे सगळेच जातात. मधे धुऊन जातात.”

मागच्या गाडीने हॉर्न दिला. खालचा पट्टा सुरू झाला आणि गाडी आपोआप आत निघाली.

“काच! बाबा, काच लावा!”

“दाढेचं मूळ अडकलंय!”

पुढचं फार सविस्तर सांगवत नाही. आधी पाणी आलं. मग साबणाचा फेस आला, भरपूर, सासऱ्यांच्या मिशांपर्यंत. मग दोन्ही बाजूंनी माणसाएवढे फिरते ब्रश आले, आणि खिडकीतून बाहेर आलेलं मूळ त्यांनी इतक्या आपुलकीने घासलं, की कुठल्याही दाताला हेवा वाटावा. गोड बाई “आता सरळ” एवढं बोलून बुडाली. तिसऱ्याने “जलमार्ग” की असंच काहीतरी म्हणत प्राण सोडला.

शेवटी गरम हवेचा झोत आला. सासऱ्यांचे केस सावधान अवस्थेत उभे राहिले.

बाहेर आल्यावर गाडीत सगळीकडून पाणी ठिबकत होतं.

“आता मी बोलू?” बायकोने विचारलं.

जावईबापूंनी ओली मान हलवली.

“परत चौकात जा, उजवीकडे वळा, पुढे बँकेच्या शेजारी.”

बँकेच्या शेजारी दवाखाना होता. दाराबाहेर एकही पाहुणा नव्हता. खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

 त्या खुर्च्या जावईबापूंनी ओळखल्या. लग्नातल्या अशाच होत्या. संपलं. दाढेविनाच फीत कापली गेली. आता नातवंडांपर्यंत ‘जावईबापू झालं’ चालणार. ते बुटांतून पाणी काढत उतरले. शिडीवर बसून दाढेसाठी भिंतीला भोकं पाडणाऱ्या सुताराला त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं, “केव्हा संपला कार्यक्रम?”

“संपला?” सुताराने ड्रिल थांबवलं. “अजून खुर्च्या मांडायच्यात. कार्यक्रम दीडला आहे.”

“दीडला?” जावईबापूंनी वळून बायकोकडे पाहिलं. बायको गाडीत बसून कोड्यातला शेवटचा शब्द लिहीत होती.

सुताराने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली.

“डॉक्टरबाई आणि त्यांची ताई काल इथे उभं राहून बोलत होत्या, साहेबांना अकरा सांगितलेत म्हणजे दाढ साडेबाराला येईल. बघा, बरोब्बर साडेबारा! त्या दोघी कुठलं अ‍ॅप वापरतात हो?”