पहिली सूचना

थंडीत पहिल्यांदाच लावलेला हीटर पेटेना, तो नेमका सासूबाई मुक्कामाला आल्या त्या दिवशी. अधीक्षकांना मनातून बरंच वाटलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि जावयाच्या हातून काही बिघडल्याचंच तेवढं सासूबाईंनी पाहिलं होतं. दुरुस्त झाल्याचं दाखवायची वेळ आता आली होती.

अधीक्षक ऑफिसात सूचना लिहीत. 'नळ बंद करावा', 'दार ओढू नये, ढकलावे', 'ही सूचना काढू नये'. लोक सूचना वाचत नाहीत, हे त्यांचं आयुष्यभराचं दुःख. माघारी सगळे त्यांना 'फलक' म्हणत.

त्यांनी हीटरचं झाकण उघडलं. आतली करडी कांडी लालभडक होई, पण गॅस काही पेटत नसे. थोड्या वेळानं कांडीही विझे.

"हा इग्नायटर. ह्याच्या धगीनं गॅस पेटतो. म्हातारा झालाय, बदलला की झालं."

"मेकॅनिकला बोलवू या का?" बायकोनं विचारलं.

"दोन स्क्रूचं काम आहे!"

"जावईबापू करतायत ना, करू दे," सासूबाई शालीतून म्हणाल्या. आवाज थोडा थरथरला. कौतुकानं असेल.

जुनी कांडी काढताना मोडली. "जुनीच होती," अधीक्षक म्हणाले. नवीच्या डबीतून एक घडीचा कागद निघाला.

"अहो, कागद तरी वाचा."

"असले कागद मी लिहितो. मला वाचायला सांगू नकोस."

त्यांनी नवी कांडी चिमटीत धरून सासूबाईंना चहूबाजूंनी दाखवली आणि बसवली. ती लाल झाली आणि टचकन तडकली.

"'कांडीला बोट लावू नये,'" बायकोनं कागदातून वाचलं. "हाताचं तेल लागलं की तडकते म्हणे."

"ठळक अक्षरांत लिहायला नको?"

"ठळकच आहे."

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी लोकरीचे हातमोजे घातले. लोकरीचा धागा कांडीत अडकला. तो सोडवला, तेव्हा कांडीही दोन जागी सुटली. तिसऱ्या दिवशी दुकानदारानं आपुलकीनं विचारलं, "साहेब, घरात हीटर आहेत तरी किती?"

तिसरी कांडी रुमालात धरल्यामुळे शाबूत बसली. घरानं श्वास रोखला. कांडी लाल झाली, लाल राहिली आणि विझली. अगदी जुनीसारखी.

सासूबाई आता कोट, शाल आणि लेकीचे दोन जोड मोजे घालून बसल्या होत्या. त्या शिंकल्या, पण जावयाला वाईट वाटू नये म्हणून पदरात. बायकोनं मेकॅनिकला फोन लावला.

"कांडी बाकी झकास बसवलीय," मेकॅनिक म्हणाला. अधीक्षकांची मान जरा ताठ झाली. "जुनीला काय झालं होतं?"

"लाल व्हायची, पण गॅस पेटायचा नाही."

"लाल व्हायची ना? मग तिचा बिचारीचा काय दोष?"

त्यानं हीटरमागच्या पाइपाकडे हात घातला. तिथं सुतळीनं बांधलेलं एक कार्ड लोंबत होतं. ते त्यानं उजेडात धरलं.

"'सूचना. उन्हाळ्यासाठी गॅसचा कॉक बंद केला आहे. हीटर लावण्यापूर्वी उघडावा. विसरू नये.' खाली सही आहे. कोणाची हो, साहेब?"

तीच सही फ्रीजवर, बाथरूमच्या दारावर आणि कचऱ्याच्या डब्यावरही होती.

बायकोनं डबीतला कागद पुन्हा उलगडला. "'पहिली सूचना. काम सुरू करण्यापूर्वी गॅसचा कॉक बंद करावा.' एवढी एक ओळ वाचली असती, तरी हात तिथवर गेला असता तुमचा."

मेकॅनिकनं कॉक उघडला. भप्पकन गॅस पेटला. खोलीभर ऊब पसरली. अधीक्षकांचे कान मात्र त्याआधीच तापले होते. ते हातमोजे काढायचं निमित्त करून पाठमोरे उभे राहिले. हातमोजे त्यांनी त्या दिवशी घातलेच नव्हते.

"ते कार्ड होय?" सासूबाई म्हणाल्या. "ते मी आल्या दिवशीच वाचलं. हीटरमागच्या कपाटातून ब्लँकेट काढताना."

"आई! मग तीन दिवस बोलली का नाहीस?"

"ज्यांनी लिहिलंय त्यांना ठाऊकच असणार, म्हटलं. जावयाला आपण काय सांगायचं?"

"निदान कॉक तरी उघडायचास!"

"असा कसा उघडणार?" सासूबाईंनी कार्ड उलटं करून दाखवलं. "मागं स्पष्ट लिहिलंय ना, 'इतरांनी हात लावू नये'."

आणि त्या शिंकल्या. ह्या वेळी मोकळेपणानं.