पुंजारामची लाळ

खुशालरावांच्या बैलाच्या गळ्यातली चांदीची घुंगरमाळ सोमवारी सकाळी गोठ्यातून नाहीशी झाली, आणि दुपारपर्यंत मोरोपंत भटजींनी चोर धरण्याचा मुहूर्तही काढला. बुधवार, सकाळी, मारुतीच्या देवळासमोर.

दूर कुठल्या तरी लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून दोन वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अंजनगावकडच्या या लहानशा गावात त्या भावाने सगळ्यांत जास्त खुशालराव फुगले. आधी त्यांनी गुडगुडी चांदीने मढवली, मग पानाचा डबा. अंगावर आणि घरात जागा उरली नाही, तेव्हा बैल.

माळ जाण्याआधी गोठ्यात दोघेच गेले होते. अमरावतीला कापूस नेणारे गाडीवान, जानराव आणि पुंजाराम.

"दोघांनाही चिमूटभर कोरडे तांदूळ चावायला देऊ," मोरोपंत म्हणाले. "चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. निर्दोष माणसाचे तांदूळ ओले निघतात. चोराची भीतीनं लाळ आटते, त्याचं नुसतं पीठ निघतं. माणूस खोटं बोलतो, पण लाळ खोटं बोलत नाही."

हे ऐकून पुंजारामने तोंडात जीभ फिरवून पाहिली. त्याने माळ घेतली नव्हती. पण त्याची बायको सुभद्रा जाऊन आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून त्याच्या तोंडाला पाणी म्हणून सुटत नव्हतं. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. प्रत्येक घासामागे लोट्यातलं पाणी प्यावं तेव्हा तो खाली उतरायचा. आणि नेमके बुधवारीच चांदूर बाजारचे नत्थुजी आपल्या मुलासाठी त्याच्या मुलीला, जमुनाला, कुंकू लावायला येणार होते. चोराची पोरगी कोण करून घेणार?

"बाबा, गालात चिंच ठेवा," जमुना म्हणाली.

"भटजी काडीनं तोंड तपासते न आधी. मागच्या साली एकाच्या गालातून चिचोका काढला त्यानं."

"मंग ठेवू नका, नुसती याद करा. आई चिंचेचा ठेचा कुटे, तो डोयापुढं आना. पाहा, माह्याच तोंडाले पानी सुटलं."

पुंजारामने डोळे मिटले. अंगणातलं उखळ दिसलं. उखळाजवळ पदर खोचून बसलेली सुभद्रा दिसली. ठेच्याचं बोट पुढं करून ती म्हणत होती, "चाखून पाहा जी, मीठ बसलं का?" पाणी सुटलं, नाही असं नाही. पण ते डोळ्यांतून.

"याद नका करू बाबा," जमुना पदराने त्याचं तोंड पुसत म्हणाली. "राहू द्या."

बुधवारी सगळं गाव देवळासमोर जमलं. नत्थुजी सकाळीच आले होते. परगावचा पाहुणा म्हणून खुशालरावांनी त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवलं. पुंजारामची परीक्षा त्याच्या होणाऱ्या व्याह्यासमोरच होते आहे, याची खुशालरावांना वेगळीच मजा वाटत होती.

पहिला मान जानरावचा. त्याने तांदूळ तोंडात टाकले, चावले, आणि तो हात जोडून उभा राहिला.

"थुंक," मोरोपंत म्हणाले.

"काय थुकू, म्हाराज?"

"तांदूळ!"

"ते तं गेले."

"कुठे गेले?"

"पोटात. आमी जवारी खानारे मानसं. वर्साच्या सनाले तांदूय दिसते. तोंडात आलेला तांदूय थुकाले मन झालं नाई."

लोक हसले. मोरोपंतांनी दुसरी चिमूट दिली. तीही गेली. तिसऱ्या चिमटीला त्यांनी जानरावचा जबडाच धरून ठेवला, तरी त्याचा गळा वर-खाली झालाच.

"या माणसाला इतकी लाळ सुटते," मोरोपंत घाम पुसत म्हणाले, "की हा चोर असूच शकत नाही. बाजूला हो!"

मग पुंजारामची पाळी आली. तोंडाची तपासणी झाली. त्याने तांदूळ चावले. जात्यात दळल्यासारखे चावले. दाढा दुखेपर्यंत चावले. पानावर थुंकायला वाकला, तर तोंडातून पांढरं कोरडं पीठ उडालं आणि वाऱ्यासोबत थेट मोरोपंतांच्या धोतरावर जाऊन बसलं.

"सापडला!" खुशालराव मांडीवर थाप मारून ओरडले. "कायचा रे सोयरा, पुंज्या? काहून घेतली माळ? माह्या बैलाच्या गयातली चांदी पोरीच्या अंगावर घालतं का?"

पुंजारामच्या तोंडातून शब्दही फुटेना. शब्दालाही थोडी ओल लागतेच. त्याने नत्थुजींकडे पाहिलं. नत्थुजी खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत होते. बायकांत उभ्या असलेल्या जमुनाने ओठ दातांत धरले होते.

तेवढ्यात तीन चिमटी तांदूळ पोटात गेलेला जानराव हुशारीत येऊन म्हणाला, "मालक, तुमी एक डाव चावून दाखवा न. खऱ्या मानसाचं तोंड कसं वलं रायते, ते पुंजारामले दिसू द्या."

"दाखवतो की!" खुशालरावांनी मोठी मूठ भरून तोंडात टाकली. सगळ्या गावाकडे पाहत, गाल फुगवून ते चावू लागले.

नत्थुजींनी मान वर केली. "माळ कोन्या सोनाराची होती म्हनले तुमी?"

"चांऊर बाझाऱच्या," भरल्या तोंडाने खुशालराव म्हणाले.

"मंग तो माहा शेजारीच. उद्याच इचारतो त्याले. वजन किती, चांदी किती, सारं सांगन तो. वस्तूची खूण पटली म्हंजे चोर कुठंही इकाले गेला तरी सापडते."

खुशालरावांचा जबडा थांबला. पुन्हा हलला. पुन्हा थांबला. मोरोपंतांनी आदराने दोन्ही हातांनी पान पुढे धरलं, आणि खुशालरावांनी त्यावर पाव शेर तरी कोरडं पीठ सांडलं.

हसण्याआधी सगळ्यांनी मोरोपंतांकडे पाहिलं.

"पित्त," मोरोपंत शांतपणे म्हणाले. "यजमानांचं पित्त खवळलेलं आहे. पित्तानं तोंड कोरडं पडतं."

"मंग माहंही पित्तच असन," पुंजाराम कसंबसं बोलला.

"तुझं कसं असेल? पित्ताला रोजचं तूप लागतं. तुझ्या घरी आहे का तूप?"

"जाऊ द्या आता!" खुशालराव घाईने उठले. "गरीब मानूस हाय, माफ केलं मी. आन सोनाराले कायले तरास देता, पाहुने? माळ काई कुठं गेली नसन. तिकडं सरकीच्या ढिगात पाहा, डाव्या अंगाले, खालती..."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. तोवर जानराव गोठ्याकडे पळाला होता.

तो माळ घेऊन आला. जोडीच्या बैलाने ती महिनाभर चाटली होती. जिथे जिथे त्याची लाळ आणि जीभ पोचली, तिथे तिथे चांदीचा मुलामा उडून घुंगरांचं लालभडक तांबं उघडं पडलं होतं. ते गावाच्या नजरेला पडू नये, म्हणून मालकाने माळ सरकीत पुरली होती आणि वर चोरीची बोंब ठोकली होती.

मोरोपंतांनी माळ हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "बैलालासुद्धा पित्त होतं," ते म्हणाले, आणि उरलेले तांदूळ दक्षिणा म्हणून उपरण्यात बांधू लागले.

दुपारी जमुनाच्या कपाळाला कुंकू लागलं. नत्थुजी आणि पुंजाराम जेवायला बसले. ताटात भाकरी, अंबाडीची भाजी आणि चिंचेचा ठेचा. ठेचा जमुनाने आईच्या हातासारखा कुटला होता.

"इवाई," पुंजारामने विचारलं, "माहं पीठ उडालं तवा तुमी उठून गेले नाई. काहून?"

नत्थुजींनी घास घेतला, तो बराच वेळ तोंडात फिरवला, आणि पुंजारामसमोरचा लोटा उचलून घटाघटा पाणी प्यायले.

"माही घरवाली जाऊन तीन वर्सं झाले," ते म्हणाले. "मले सारं भेव एवढंच होतं, का हा भट आता मलेही तांदूय देते का काय."

पुंजाराम हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. घास तोंडात होता, म्हणून त्याने सवयीने लोट्यासाठी हात पुढे केला. लोटा अजून व्याह्यांच्या तोंडाला होता. तो परत येईपर्यंत घास उतरून गेला होता.