दगाजी आप्पांची हिरवी झेंडी

दगाजी आप्पांच्या मोबाइलवर नवीन काही आलं की ते आधी हिरवी झेंडी दाखवतात आणि मग वाचतात. झेंडी खरीखुरी. खांडबारा स्टेशनवर उभी हयात ती दाखवण्यात गेली, निवृत्तीनंतरही हात गप्प बसेना.

दोष माझा. मी शेजारचा मास्तर. त्यांच्या मोबाइलवर फीड वाचायचं ॲप मीच घालून दिलं. आवडीच्या साइट्स त्यात एकदा नोंदवल्या, की तिथे लिहिलेलं नवं ते आपोआप इथे येऊन पडतं. आप्पांना हे फारच पटलं. "आपन गाडीना मांगे काबर पळानं? आपन ठेसनवर बठानं. गाडी येस."

तेव्हापासून दुपारभर ते निंबाखाली खाटेवर अर्धवट डोळे मिटून पडलेले असतात. कोकणातला कुणी दीपगृहवाला रोज समुद्रावरच्या धुक्याबद्दल लिहितो. आप्पांनी समुद्र पाहिलेला नाही. पण "आज धुकं नही शे, मास्तर!" असं इतक्या समाधानाने सांगतात, की मलाही समोरच्या कपाशीत लाटा दिसू लागतात. हिमालयातला एक जण नुसते ढगांचे फोटो टाकतो. त्यालाही झेंडी. मग पुन्हा डोळे मिटतात.

परवा मी सहज म्हटलं, "आप्पा, ही 'कुंडीतली बाग' दोन महिने गप्प आहे. काढून टाकू?"

त्यांनी मोबाइल हिसकावलाच. "लेट शे. रद्द नही शे."

लिहिणारीचं नाव पाहिलं आणि मी जीभ चावली. सुनंदा, त्यांची एकुलती एक मुलगी. तिची साइट त्यांनी माझ्या नकळत नोंदवली होती. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न करून सुरतेला गेली, तेव्हा "या घरनी पायरी चढू नको" असं आप्पांनीच सुनावलं होतं. तेव्हापासून फोन नाही, पत्र नाही. सुरत इथून गाडीने काही तासांवर, पण आप्पा हलले नाहीत. तिचं शेवटचं टिपण होतं, "सातवा संपतोय. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटलंय. कुंड्यांना शेजारीण पाणी घालते." त्यानंतर काहीच नाही. मी त्यांना चक्रम समजत होतो आणि ते धुक्याआडून लेकीची वाट पाहत होते. मला फार लाज वाटली.

काल दुपारी मोबाइल वाजला. झेंडी उठली नाही. जवळ गेलो तर आप्पा रडत होते. स्क्रीनवर सुनंदाचं टिपण होतं: "मोगऱ्याला कळ्या आल्यात. मला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहोत."

"मास्तर, सुरतनं तिकीट काढा."

"आणि गाडी आपल्याकडे येते, त्याचं काय?" मी चिडवलं.

"येस ना. पन चढनं ते आपलेच पडस."

पिशवीत त्यांनी धोतर, शेंगदाण्याचे लाडू आणि वर झेंडी ठेवली. "नातले दखाडसू," म्हणाले. नातीलाही हिरवी झेंडी दाखवायची होती. मग दारात घुटमळले.

"मास्तर, पोरनी लाल दखाडी ते?"

"तर जिन्यात बसून राहा," मी म्हटलं. "लेट शे. रद्द नही शे."