टोपीचा मिथ्याक्षेप

रविवारी सकाळी सात वाजता सरांनी जेवणाच्या टेबलाशी उभं राहून गळाच्या काठीचा वरचा अर्धा भाग झोकात मागे नेला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “पश्चक्षेप!” मागच्या भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं.

“अहो, तो क्षेप अंगणात जाऊन करा,” पत्नीने दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. “घड्याळ झालं, आता माझा डोळा जाईल.”

“आज क्लबचे सेक्रेटरी वर्ग बघायला येणार आहेत! त्यांना पटलं तर वर्ग कायमचा होणार. शिवाय माझी पुस्तिका क्लब छापणार!”

“त्यांना ती कळली पाहिजे ना पण.”

हे बोलणं सरांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. ते मनाने केव्हाच क्लबच्या तळ्यावर पोचले होते.

बत्तीस वर्षं सरांनी शाळेत व्याकरण शिकवलं आणि बत्तीस वर्षं मुलांनी खिडकीबाहेर बघितलं. निवृत्तीनंतर त्यांना फ्लाय कास्टिंगचा नाद लागला. यात गळाला पिसांची खोटी माशी बांधतात. माशीला वजन कसलं, तेव्हा जाडसर दोरीच हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्या जोरावर माशी पाण्यावर अलगद उतरवायची. सरांचा हात चांगला बसला. खटकत होते ते फक्त त्यातले इंग्रजी शब्द. सहा महिने खपून त्यांनी बावीस पानांची शब्दावली केली. दोरी मागे नेणं म्हणजे पश्चक्षेप, पुढे फेकणं म्हणजे अग्रक्षेप. डाव्या हातातली दोरी ऐन वेळी सोडणं म्हणजे सूत्रमोचन. आणि दोरी पाण्याला टेकू न देता हवेतच झुलवत ठेवणं, तो मिथ्याक्षेप. हा शब्द सुचला त्या दिवशी सर आनंदाने दोनदा जेवले होते.

तळ्याकाठी दर रविवारी भरणाऱ्या त्यांच्या वर्गात नऊ जण होते, सगळे मोठे, आपण होऊन आलेले. खिडकीबाहेर बघायला तिथे खिडकीच नव्हती. तक्रार होती ती एकट्या बस कंडक्टरची.

“सर, ‘पश्चक्षेप’ म्हणून होईपर्यंत दोरी झाडावर जाऊन बसते. नुसतं ‘मागे’ म्हटलं तर?”

“मागे तर बसही जाते,” सर म्हणाले. “शास्त्राला शास्त्राचा शब्द हवा.”

दहाच्या ठोक्याला सेक्रेटरी आले. गोरापान चेहरा, इस्त्रीचा सदरा आणि डोक्यावर गवताची नवीकोरी टोपी. सरावासाठी गळाऐवजी लोकरीचे गोंडे बांधलेले बघून त्यांनी नाक मुरडलं.

“हे काय, लोकर? मी आलोय तर खरी माशी लावा की!”

सरांचा उत्साह इतका उतू जात होता, की त्यांनी लगेच दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दोरीला पिसांची माशी, खऱ्या गळासकट, बांधून दिली. डॉक्टरीणबाई वर्गात सगळ्यांत हुशार. मग सर सेक्रेटरींकडे वळून अदबीने म्हणाले, “कृपया क्षेपकाच्या पश्चभूमीत तिष्ठू नये.”

सेक्रेटरींना त्यातलं ‘कृपया’ तेवढं कळलं. बाकीचं स्वागताचं असावं असं समजून त्यांनी हसून मान डोलावली आणि नीट दिसावं म्हणून ते बरोबर डॉक्टरीणबाईंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले. सरांची नजर तोवर तळ्याकडे गेली होती.

“पश्चक्षेप!”

काठी मागे गेली. “अग्रक्षेप!” काठी पुढे आली, दोरी पुढे आली आणि दोरीमागून टोपी आली.

“अहो! टोपी! माझी टोपी!” सेक्रेटरी टकलावर हात ठेवून ओरडले.

“सर, हे एकदम जड का झालं?” डॉक्टरीणबाईंची मागे बघायची छाती होईना.

टोपी तळ्यावर गेली, परत आली, पुन्हा गेली. पाण्यात पडली तर भिजून तिचा लगदा होणार हे कंडक्टरने ओळखलं. संकटात त्याला नेमका सरांचा शब्द आठवला.

“बाई, खाली टेकू देऊ नका! मिथ्याक्षेप! मिथ्याक्षेप चालू ठेवा!”

सेक्रेटरी गर्रकन वळले. “काय म्हणालात? मिथ्या आक्षेप? माझी टोपी डोळ्यांदेखत उडवलीत, आणि माझा आक्षेप खोटा?”

“तसं नाही साहेब, सरांचा शब्द आहे तो!”

“म्हणजे सर म्हणतात मी खोटारडा?”

इथे सरांनी आधी टोपी बघायला हवी होती. पण त्यांच्यातला बत्तीस वर्षांचा व्याकरणमास्तर जागा झाला. एवढ्या आस्थेने त्यांना आजवर संधी विचारायला कुणी आलं नव्हतं.

“उत्तम शंका!” ते उजळून म्हणाले. “मिथ्या अधिक क्षेप, मिथ्याक्षेप. मिथ्या अधिक आक्षेप, तरीही मिथ्याक्षेपच! आ अधिक आ, दीर्घ आ. रूप एकच, अर्थ दोन. आपण दुसरा विग्रह केलात, तोही निर्दोष आहे!”

“मी विग्रह करतोय? भांडण कुणी काढलं?”

“छे छे, विग्रह म्हणजे फोड...”

“आता फोडाफोडीची भाषा?”

“सर!” डॉक्टरीणबाई कळवळल्या. टोपी त्यांच्या डोक्यावरून अकराव्यांदा सूं करत गेली. “माझा खांदा निखळतोय! संधी मग सोडवा, आधी टोपी सोडवा!”

सरांनी वर बघितलं. टोपी भरकटली होती. या फेरीला ती थेट त्यांच्याच नाकाच्या रोखाने येत होती. सर मटकन खाली बसले आणि पोटातून ओरडले, “सोडा! सोडा बाई, सोडा!”

डॉक्टरीणबाईंनी सोडली. दोरी सरसरत निघाली, टोपी लांब, फारच लांब गेली आणि तळ्याच्या मधोमध बदकासारखी उतरली. वर्गातल्या कुणालाच एवढ्या लांब फेकता आलं नव्हतं. खुद्द सरांनाही नाही.

टोपी डोलत होती. मग ती हळूच निघाली. वारा इकडे वाहत होता आणि टोपी तिकडे चालली होती.

“मासा!” कंडक्टर किंचाळला.

क्लबच्या तळ्यात मासे आहेत की नाहीत यावर तीन वर्षं वाद चालला होता. आहेत म्हणणारे एकटे सेक्रेटरीच होते. ते बूट, पँट, इभ्रत सगळ्यासकट गुडघाभर पाण्यात शिरले.

“ओढा! ओढा!”

“ओढू नका, तुटेल!” सर त्यांच्या मागोमाग पाण्यात. “ढील द्या! अजून! आता गुंडाळा! काठी वर, बाई, काठी वर! हां... सावकाश... दमू दे लेकाला!”

पाच मिनिटं सर घसा फोडून ओरडत होते आणि नऊच्या नऊ जणांना शब्द न् शब्द कळत होता. शेवटी कंडक्टरने काठावरून जाळी खाली घातली आणि उचलली. जाळीत टोपी होती आणि टोपीत हातभर लांब, रागाने तडफडणारा मासा.

सेक्रेटरींनी गळ काढून मासा पाण्यात सोडला आणि टोपी पिळून डोक्यावर घातली. त्यांच्या दोन्ही कानांवरून पाणी ओघळत होतं.

“सर,” तीन वर्षांचा वाद जिंकल्याच्या थाटात ते म्हणाले, “वर्ग कायम!”

पुढच्या रविवारी वर्गात दहावा विद्यार्थी सगळ्यांच्या आधी हजर होता. सेक्रेटरींनी बावीस पानं आठवड्यात तोंडपाठ केली होती आणि तेविसावं स्वतः लिहून आणलं होतं.

“सर, एक नवा शब्द सुचलाय. परवाच्या प्रकाराला शास्त्रीय नाव नको का? शिरस्त्राणक्षेप!”

सरांनी कागद वाचला. घसा अजून बसलेलाच होता.

“ते ‘टोपी उडवणं’ म्हणा हो,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “चटकन कळतं.”

सेक्रेटरींचा चेहरा पडला. त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

“सर, तुम्हीच असं बोलायला लागलात,” ते दुखावून म्हणाले, “तर भाषेकडे बघायचं कुणी?”