छाती नमस्कार, कंबर नमस्कार!

मास्तरांचा आपल्या कात्रीवर जेवढा विश्वास होता, त्याहून जास्त आपल्या नजरेवर होता. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं, की गळ्यातली टेप काढायच्या आधीच मास्तर मनातल्या मनात माप घेऊन मोकळे! माणूस सरळ आहे की तिरका, एक खांदा उतरलेला आहे की दोन्ही, त्यांना उभ्या उभ्या कळायचं. त्यामुळे मेहुणीने जेव्हा विचारलं, "भाऊजी, आठवडाभर माझा फोरम सांभाळाल का?" तेव्हा त्यांनी दाताने दोरा तोडला आणि म्हणाले, "अगं, आठवडा काय, वर्षभर दे!"

हा फोरम म्हणजे 'सुईदोरा'. शिवणकामाचं वेड असलेल्यांचा इंटरनेटवरचा अड्डा. मेहुणी नोकरी करायची कागदाच्या कंपनीत, पण जीव तिचा या सुईदोऱ्यात. तीनशे बारा सभासद तिने एकेक करून जमवले होते. आता कंपनीने तिला सहा दिवसांच्या ट्रेनिंगला धाडलं होतं आणि तिथे म्हणे दारातच फोन काढून घेतात.

"दोनच गोष्टी लक्षात ठेवा," पिशवी खांद्याला अडकवत ती म्हणाली. "एक, शाळेच्या बँडची चोवीस जाकिटं आहेत. तुम्ही धरून आपल्या गावातल्या आठ जणांनी मिळून शिवून द्यायची कबूल केलीत. बँड शिकवणाऱ्या बाई मापं टाकतील, त्यांना दाद द्या. आणि दोन, स्पॅमवाले! ते कुठूनही घुसतात आणि नको त्या जाहिराती चिकटवून जातात."

"घुसू देत की! एकेकाला शिवणीतून उसवून ठेवतो!"

या उसवण्याच्या आवेशात पहिली गोष्ट मास्तरांच्या हातून जी खाली पडली, ती कुणी उचललीच नाही.

सोमवारी सकाळी पहिला शत्रू दिसला. नाव 'स्लिमपरी'. निरोप असा: 'सात दिवसांत कंबर चार इंच कमी! पोट गायब! आजच फोन करा!'

मास्तरांनी चष्मा पुसला. शत्रू असला तरी बाई माणूस. त्यांनी अदबीने उत्तर लिहिलं, 'ताई, कंबर कमी करायची तर बाजूच्या दोन्ही शिवणींतून घ्या. सात दिवस कशाला? अर्ध्या तासाचं काम आहे.'

तत्क्षणी उत्तर आलं, 'अभिनंदन! तुमची निवड झाली आहे!'

"अगं, ऐकलंस का? माझी निवड झाली!" मास्तर ओरडले.

बायको मागे शर्टांना इस्त्री करत होती. "कशासाठी?"

"ते अजून कळवलं नाही."

संध्याकाळपर्यंत स्लिमपरीच्या चौदा बहिणी दाखल झाल्या. मागोमाग 'बलभीम' नावाचा एक गडी आला, 'छाती छत्तीसची बेचाळीस करा!' म्हणत. मास्तरांनी त्यालाही दोन ओळी समजावून सांगितल्या, की छाती आहे तेवढीच ठेवून कोट सैल शिवता येतो. तर त्याच्याकडूनही अभिनंदन! आता मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. समोर माणूस नाहीच! आपण दिवसभर भिंतीशी बोलतोय!

मंगळवारी त्यांनी फोरमच्या सगळ्या खोल्या, कपाटं, खण उघडून पाहिले आणि त्यांना हत्यार सापडलं. 'मनाई असलेले शब्द'! तिथे शब्द लिहून ठेवायचा, की तो फोरमवर कुठेही आला तरी त्याच्या जागी फुल्या उमटतात. मास्तरांनी बाह्या सावरल्या आणि लिहिलं: कंबर, पोट, छाती, घेर, इंच, कमी, फोन.

आता शिवणकामाच्या फोरमवर कंबर, छाती आणि इंच यांना मनाई करणं म्हणजे मासळीबाजारात माशांना मनाई करण्यासारखं! पण लढाईत एवढा विचार कोण करतो?

त्याच दुपारी निवृत्त पोस्टमास्तरांचा निरोप आला. अत्यंत सभ्य गृहस्थ. निवृत्तीनंतर शिवण शिकत होते आणि बायकोसाठी पहिलंवहिलं पोलकं शिवायला घेतलं होतं. त्यांनी बिचाऱ्यांनी सरळ मनाने लिहिलेलं फोरमवर असं उमटलं:

'काल प्रथमच बायकोची ××× आणि ××× नीट पाहिली. दोन्ही अपेक्षेपेक्षा ××× निघाल्या. आता पुढे काय करावं? जाणकारांनी मोकळेपणाने सांगावं.'

खाली पडदेवाल्या बाईंचं उत्तर. या बाई तीस वर्षं घरोघरचे पडदे शिवत आलेल्या, मदतीला सदैव तयार. 'घाबरू नका. एक ××× सैल सोडा आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू ××× करत या. पहिल्या वेळी सगळ्यांचंच चुकतं.'

मास्तरांच्या खांद्यावरून बायकोने हे वाचलं. वाचता वाचता हातातली इस्त्री तशीच टेबलावरच्या शर्टावर राहिली.

"अहो! हे काय वाचत बसलाय तुम्ही दुकानात?"

"शिवणकाम!"

"याला शिवणकाम म्हणतात?"

"अगं, फुल्यांच्या मागे इंच आहेत!"

"फुल्यांच्या मागे काय आहे ते मला कळत नाही होय! माझ्या बहिणीचा फोरम आहे हो तो! आल्यावर तिला तोंड काय दाखवणार?"

तेवढ्यात जळका वास आला. शर्टावर बरोबर छातीपाशी इस्त्रीची बदामी होडी उमटली होती. त्या गिऱ्हाइकाला पुढे एका खिशाच्या जागी दोन खिसे मिळाले आणि त्याने वर आभारही मानले, ते सोडा.

फुल्यांचा अब्रूवर घाला पडतोय म्हटल्यावर बुधवारी मास्तरांनी तोडगा काढला. फुल्यांच्या ऐवजी दुसरा शब्द टाकायची सोय होती. त्यांनी शब्द निवडला, 'नमस्कार'. नमस्काराने कुणाचं काय बिघडणार?

बघता बघता सुईदोऱ्यावर नमस्कारांचा पूर आला. 'नमस्कार चौतीस, नमस्कार तीस, दोन नमस्कार सोडून कापावं.' 'नमस्कार जास्त झाला असेल तर नमस्कार कसा करावा?' पोस्टमास्तर संस्कारी माणूस. त्यांनी प्रत्येक नमस्काराला उलट नमस्कार केला. तासाभरात त्यांचे एकट्याचे अठरा झाले! शेवटी मास्तरांनी आणखी एक नियम ठोकला: दिवसाला तीन निरोप, चौथ्याला सभासद आपोआप बाहेर!

या सगळ्या धुमश्चक्रीत एक शत्रू मात्र विलक्षण चिवट निघाला. मंगळवारी 'बँडबाई' या नावाने त्याने निरोप टाकला, 'तातडीचं काम! चोवीस नग! शनिवारपर्यंत हवेत! कृपया लगेच संपर्क साधा!'

"चोवीस नग म्हणे! लगेच म्हणे!" मास्तर हसले. "जाहिरातबाज ओळखू येत नाही होय मला?" आणि त्याला बाहेर काढलं.

दहा मिनिटांत 'बँडबाई२' हजर. बाहेर! मग 'खरीबँडबाई'. बाहेर! 'शाळेचीबँडबाई' आली, 'मुलांची जाकिटं आहेत हो' म्हणाली. जाकिटं खपवणारी कंपनी दिसते! बाहेर! गुरुवारी सकाळी तर 'मीमाणूसआहे' असं नाव घेऊन आली.

"बघ, बघ!" मास्तर बायकोला म्हणाले. "खऱ्या माणसाला असं सांगावं लागतं का? तू सांगतेस कधी?"

"माझ्यावर अजून तशी वेळ आली नाही," बायको म्हणाली.

अकराव्यांदा त्या शत्रूला हाकलून मास्तरांनी मनाईच्या यादीत तातडी, शाळा, मुलं, जाकीट आणि शनिवार हे पाच शब्द घातले, तोंडात टाचण्या धरल्या आणि एका पँटची मोहरी दुमडायला घेतली.

दुपारी दारात शिट्टी वाजली. खणखणीत! मास्तर दचकले. दारात एक ठेंगणीशी बाई, गळ्यात शिट्टी, कपाळावर घामाचे थेंब. तिच्या मागे रांगेत चोवीस मुलं, आणि त्यांतल्या दोघांच्या खांद्यावर लाल कापडाचा भलामोठा तागा.

"मास्तर कोण?" बाईंनी विचारलं.

"मीच."

"मी मीमाणूसआहे."

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या एकेक करून फरशीवर पडल्या.

"तीन दिवस!" बाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "तीन दिवस मी तुमच्या दारावर डोकं आपटतेय! मुलांनी सहा महिने घाम गाळलाय. रविवारी स्पर्धा आहे. गेल्या वर्षीची जाकिटं बरगडीपर्यंत येतात! तुमच्या मेहुणीने शब्द दिला होता, म्हणून मी दुसरीकडे गेले नाही. आता मुलांना काय सांगू?"

ढोलवाला गोलमटोल मुलगा पुढे झाला आणि जुनं जाकीट घालून त्याने फक्त श्वास घेतला. पाठीवरची शिवण टर्रकन गेली. याहून जास्त बोलायची गरज नव्हती.

मास्तर खाली बसले. आपली नजर, आपली कात्री, आपली चाळीस वर्षांची इभ्रत, सगळं त्या फरशीवर टाचण्यांसोबत पडलंय असं त्यांना वाटलं. मेहुणीने किती साध्या दोन गोष्टी सांगितल्या होत्या! चोवीस जाकिटं, दोन दिवस आणि दोन हात. कसं व्हायचं?

"बसून काय होणार?" बायको म्हणाली. "बाकीच्या सातांना बोलवा!"

मास्तरांनी घाईघाईने फोरमवर लिहिलं, 'तातडीची मदत हवी! शाळेच्या मुलांची जाकिटं शनिवारपर्यंत शिवायची आहेत. फोन करा, नाहीतर दुकानात या! मास्तर.'

फोरमवर उमटलं, 'नमस्कार मदत हवी! नमस्कार नमस्कार नमस्कार नमस्कार शिवायची आहेत. नमस्कार करा, नाहीतर दुकानात या! मास्तर.'

"अरे देवा!" त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा नमस्कार. तिसऱ्यांदा लिहिलं, आणखी घाबरून. आणखी नमस्कार! चौथ्यांदा लिहायला गेले, तर पडदा पांढरा झाला. त्यांचाच नियम त्यांच्यावर उलटला होता. सुईदोऱ्याने राखणदाराला बखोट धरून बाहेर काढलं आणि सभासद बाहेर गेला की जी ओळ आपोआप उमटते, ती तीनशे अकरा जणांना दिसली:

'मास्तर आता आपल्यात नाहीत.'

तासाभराने दुकानासमोर लोक जमायला लागले. पहिले पोस्टमास्तर आले, हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ. मागोमाग पडदेवाल्या बाई, डोळ्यांना पदर. आणखी पाच जण, सगळे खाली माना घालून. तीन वर्षं रोज एकमेकांशी बोलणारी ही माणसं आज पहिल्यांदा एकमेकांना बघत होती.

"शेवटी शेवटी फार नमस्कार करत होते हो," पोस्टमास्तर हळू आवाजात म्हणाले. "मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

"मदत हवी म्हणाले होते," पडदेवाल्या बाई हुंदका गिळत म्हणाल्या. "आणि मला वाटलं, काहीतरी गंमत चाललीय!"

सगळे जड पावलांनी आत शिरले. आत मास्तर स्टुलावर उभे राहून ढोलवाल्याच्या पोटाला टेप गुंडाळत होते.

पडदेवाल्या बाईंनी किंकाळी फोडली. पोस्टमास्तरांच्या हातातला गुच्छ सुटला.

"मास्तर! तुम्ही... आहात?"

"आहे म्हणजे काय! असायलाच हवं! मशीन आणलं का?"

"तुमच्या अंत्यदर्शनाला मशीन कोण आणतं?" पोस्टमास्तर पहिल्यांदाच चिडून बोलले.

मग सगळा उलगडा झाला. मास्तर मान खाली घालून उभे. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, मला माणूस ओळखता येतो. या बाईंना मी अकरा वेळा हाकललं. मला काय बोलायचं ते रविवारनंतर बोला, पण ही पोरं उघडी पडता कामा नयेत."

तेवढ्यात कुणालातरी हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. बँडच्या बाई तर हसता हसता शिट्टीच वाजवून बसल्या!

त्यानंतरचे दोन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सात मशीनं घराघरांतून आली. मास्तर कापायचे, पडदेवाल्या बाई अस्तर लावायच्या. पोस्टमास्तरांना वळणाची टीप जमायची नाही, म्हणून सरळ शिवणी सगळ्या त्यांच्याकडे. त्यांनी एकही टाका रेषेबाहेर जाऊ दिला नाही. मुलं मापाला यायची आणि जाता जाता वाजवून दाखवायची. समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी दोनदा माणूस पाठवला, की ढोल वाजला की आमचा हात हलतो!

शनिवारी संध्याकाळी चोविसावं जाकीट ढोलवाल्याच्या अंगात चढलं. त्याने श्वास घेतला. सगळ्यांनी श्वास रोखला. काहीही फाटलं नाही!

रविवारी बँडचा दुसरा नंबर आला. परीक्षक म्हणाले, वादन उत्तम आणि पोशाख त्याहून उत्तम. मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी दोन्ही डोळे पुसले आणि बायकोला सांगितलं, की चष्म्याचा नंबर वाढलाय.

सोमवारी मेहुणी परतली ती थेट दुकानात. सातही सभासद मशीनं न्यायला आलेले होते. तिने फोरम उघडला आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली. चार दिवस राखणदाराशिवाय राहिलेल्या सुईदोऱ्यावर स्लिमपरींचं सगळं खानदान नांदत होतं आणि सगळे एकमेकांचं अभिनंदन करत होते.

तिने खुर्ची ओढली, बोटं चालवली. एक चहा संपायच्या आत फोरम लख्ख!

"झालं?" मास्तर चकित झाले. "एवढ्यात?"

"भाऊजी," मेहुणीने पडद्यावर बोट ठेवलं, "प्रत्येक निरोपाशेजारी हे छोटं लाल बटण आहे ना? ते दाबलं की स्पॅमवाला कायमचा जातो. बाकी काही करायचंच नव्हतं! शब्द नाहीत, नियम नाहीत, नमस्कार नाहीत. बटण दिसलं नाही का तुम्हाला?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी टेप उलगडली, पुन्हा गुंडाळली, घसा साफ केला.

"दिसलं होतं की," ते म्हणाले. "पण आमच्या दुकानात बटणांचं सगळं काम तुझी बहीण बघते. मी तिच्या कामात लुडबूड करत नाही!"