गंगारामदादांचा आठचा भोंगा

गंगारामदादांना मी पहिल्यांदा नमस्कार केला तेव्हा ते म्हणाले, "दाराशी येऊन अकरा सेकंद झाले तुमाला, साहेब. मग नमस्कार. नवीन हाव, चालायचंच."

खालापूरजवळच्या आमच्या कागद कारखान्यात दादा भोंगेवाले होते. फाटकावरच्या खोलीत बसायचे. तिथे एक खटका होता, तो त्यांनी दाबला की आठ वाजत. आसपासच्या गावांची घड्याळं त्यावर लागत. माझंही. पण माझं घड्याळ रोज मिनिटभर इकडेतिकडे व्हायचं. कर्जतच्या घड्याळजीला दोनदा दाखवलं. तो म्हणे, ठणठणीत आहे. दादा म्हणत, "खोटारडं हाय." मी दादांवर विश्वास ठेवला.

कारण सेकंद त्यांच्या रक्तातच होते. जेवणानंतर बाकावर नऊ मिनिटं झोपायचे आणि कुणी न उठवता उठायचे. लग्नात भर मांडवातून भटजींना ओरडायचे, "मुहूर्ताला चार सेकंद झाले वो!" त्यामुळे पार कशेळ्यापर्यंत त्यांना लग्नाचं आमंत्रण देणं लोकांनी सोडलं होतं. फक्त थोरल्या भावाचा, विठूचा, विषय निघाला की दादा तोंड फिरवत. विठू आमच्याच कारखान्यात होता, एका पायाने अधू. शेताच्या बांधावरून दोघांचा बारा वर्षं अबोला. "त्याचं तोंड बघनार नाय मी," एवढंच दादा म्हणत.

कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग मी, त्याला वर्ष होत आलं होतं. अशात मोठ्या साहेबांनी फर्मावलं, यापुढे भोंगा यंत्र वाजवील. यंत्र दादांच्याच खोलीत बसलं. मी मोठ्या ऐटीत प्रोग्रॅम लिहिला : एक मिनिट झोप, ऊठ, एक आकडा मोज, पुन्हा झोप; दिवसाचे चौदाशे चाळीस आकडे भरले की भोंगा वाजव. दादा पडद्यापुढे बसून त्याची झोप मोजू लागले.

"साठ सांगितली, आन् हे साठाच्या वर झोपतंय वो!"

"केसभर, दादा."

"दिवसाला चौदाशे चाळीस केस झाले. टक्कल पडंल तुमच्या भोंग्याला."

पडलं. चार दिवसांत भोंगा पाच मिनिटं मागे. एरवी दहाला उगवणारे साहेब नेमके यंत्राच्या कौतुकापायी आठला रेडिओ घेऊन बसले होते. मी खुलासा केला, की यंत्राला साठ सेकंद झोप म्हटलं तर ते साठाच्या आत उठत नाही, पण नंतर कधी उठेल ते सांगता येत नाही.

"माझा मेव्हणा असाच आहे," साहेब म्हणाले. "त्याला काढता येत नाही. तुम्हाला येतं."

मी घाईने दुरुस्ती केली. झोप मोजायची नाही, दर वेळी उठल्यावर यंत्राने घड्याळच बघायचं. भोंगा सेकंदाला सेकंद वाजू लागला. वाटलं, दादा पाठ थोपटतील. ते म्हणाले, "आधीचं बरं हुतं. झोपू द्या की त्याला."

सेकंदांचा देव असा बाटलेला पाहून मी चक्रावलो.

तिसऱ्या दिवशी आठाच्या आधी मी वर गेलो. दादा खिडकीत उभे. खाली रस्त्यावर विठू लंगडत येत होता. आमच्याकडे भोंग्याबरोबर फाटक बंद व्हायचं. बाहेर राहिला तो घरी, आणि तीनदा राहिला तर नाव कमी. गेले दोन दिवस विठू बाहेर राहिला होता.

"पिंपळापास्नं फाटक सत्तर सेकंद," दादा पुटपुटले. "पावसात नव्वद. आज तिसरा खाडा त्याचा."

माझं घड्याळ बारा महिने का चुकायचं, ते मला तेव्हा कळलं.

आठाला दहा सेकंद होते. आयुष्यात एकदाच मी जाणूनबुजून घोटाळा केला : भोंग्याची तार उपटली. यंत्राने आठ वाजवले, ते कुणालाच ऐकू गेले नाहीत. विठूचा अधू पाय फाटकाच्या आत आला आणि दादांनी जुना खटका दाबला.

भोंगा चुकल्यापासून साहेब रोज आठला रेडिओ घेऊन बसत. ते खालून ओरडले, "काय झालं रे?"

"मशीन झोपलं हुतं, साहेब!" दादांनी खणखणीत उत्तर दिलं.

मी हळूच म्हटलं, "दादा, तोंड बघणार नव्हता ना?"

"तोंड कुठं बघतो?" ते खिडकी लावत म्हणाले. "पाय बघतो."