पिवळा चौकोन

तीन महिने अर्ज करून काशीरामला आज सकाळी ड्यूटीवर आल्यावर कुठे रजा मिळाली होती, तीही एकाच दिवसाची. उद्या सकाळी मंडणगडजवळच्या गावी त्याच्या वेदिकाचा साखरपुडा होता. आजची दोनची शेवटची एसटी चुकली, की लेकीच्या साखरपुड्याला बाप नाही.

रत्नागिरीतल्या त्या सरकारी इमारतीच्या दारात महिन्याभरापूर्वी प्रयोगासाठी नवं यंत्र बसवलं होतं. मिलिमीटर लहरींचं. कपड्यांच्या आत धातूच काय, लाकूड जरी लपवलेलं असलं, तरी पडद्यावर पिवळा चौकोन उमटायचा. चौकोन गेल्याशिवाय पहाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडायची नाही, असा नियम. आजवर एकही हत्यार सापडलं नव्हतं. तंबाखूच्या डब्या मात्र पोतंभर. त्या पहाऱ्यावर उभं राहून राहून काशीरामचे पाय भरून आले होते.

दीडला सुटायचं, आणि सव्वाला धापा टाकत एक म्हातारा आला. वहीत त्याने नाव लिहिलं, दादू.

"हात वर करा. हलू नका."

"माजं फकस्त येवढंच हाय की..."

"बोलूही नका! चित्र हलतं. काय ते आत जाऊन सांगा."

पडद्यावर कमरेच्या मागे चौकोन उमटला.

"कोयती आहे काय?"

"ती भायेर रिक्षात ठेवली. बोर्ड वाचला ना मी!"

कोयती ठेवली होती, पण ती अडकवायची लाकडी आकडी कमरेला तशीच होती. काशीरामने कपाळावर हात मारला.

"सोडा ती."

"सुटायची नाय. लग्नाच्या आदीपासून हाय."

आकडीच्या दोरीची गाठ दगडासारखी झाली होती. काशीरामने नखं लावली. दातही लावले असते, पण वर कॅमेरा होता. लोकांकडून जमा केलेल्या कात्र्या पेटीत, पेटीची किल्ली साहेबांकडे आणि साहेब जेवायला. रिक्षातली कोयती आत आणावी, तर ते हत्यार.

साहेब दोन वाजून दहा मिनिटांनी ढेकर देत आले. दोरी कापली, चौकोन गेला. एसटीही गेली होती.

काशीराम स्टुलावर मटकन बसला. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"गाडी चुकली ना?" साहेब मायेने म्हणाले. "मग रजा फुकट कशाला घालवता? रद्द करून टाकतो. उद्या नऊला या." आणि तिथेच सही करून, कागद घेऊन ते वर गेले.

आकडी हातात घेऊन दादू अजून तिथेच उभा होता.

"आता बोलू?"

"बोला बाबा."

"हितं काशीराम कोण? सकाळधरनं फोन लागंना त्याचा."

"ड्यूटीवर फोन पेटीत असतो. मीच काशीराम."

दादूचा चेहरा उजळला. "अवो, मी नवऱ्या मुलाचा मामा! तुमाला रजा गावत नाय, म्हणून आमी साखरपुडाच हिकडं आणला. तुमची मंडळी, आमची मंडळी, दोन टेंपो निगाले पन. उद्या नऊला हितंच, खाडीपल्याड भाट्याच्या हॉलात. आता रजेचा घोर नाय तुमाला!"

काशीरामने जिन्याकडे पाहिलं. साहेबांच्या खोलीचं दार लागलं होतं.